सीडी तयार होईपर्यंत

या दिवसांत मी एस.टी.त खिडकीशी बसत नाही. माझी धाकटी बहीण हिर्डोशीला दिलेली आहे. गौरी-गणपती उरकले की थोडे दिवस मी तिच्याकडं जाते. भोर मागं पडलं की रस्ता डोंगराकडं चढायला लागतो. खालच्या खाचरांत लवकर येणारी हळवी भातं निसवून लोंब्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांचा तो ओलसर, दुधासारखा वास गाडीभर पसरतो. तो वास आतल्या बाजूला बसूनही येतो, त्याची काही अडचण नाही. पण वरच्या उताराला नाचणीची वावरं लागतात. कणसं भरायला लागलेली असतात, पाखरांची धाड पडते, आणि ती हाकलायला लोकांनी काठ्यांना दोऱ्या ताणून त्यांवर जुन्या सीड्या टांगलेल्या असतात. वारा आला की त्या गरकन फिरतात. एखादी नेमकी डोळ्यांवर चमकते. गाडीतली पोरं बोट दाखवतात. मी पदर सारखा करते, मांडीवरची पिशवी उगाच चाचपते, आणि वळण संपायची वाट बघते.

सगुणा माझी कोण, हे मला कधीच नीट सांगता आलं नाही. लोक विचारायचे, तेव्हा मी "आमच्याकडं असते शिकायला" म्हणायची. ते खरं होतं आणि अगदीच अपुरं होतं.

ती वेल्ह्याच्या पलीकडच्या एका धनगरवाड्याची मुलगी. डोंगराच्या सोंडेवर थोडी घरं, घरांपेक्षा मोठे म्हशींचे गोठे. खालच्या गावात मी शिकवायची ती शाळा होती, चौथीपर्यंतची. पावसाळ्यात एक खोली गळायची म्हणून सगळे वर्ग दुसऱ्या खोलीत. सगुणा वरून धावतच उतरायची. केसांना धुराचा आणि दुधाचा वास. पाढे म्हणताना ती डोळे मिटून घ्यायची आणि मधेच अडली तर स्वतःवरच रागवायची. तिला रागवावं लागलं असं मला आठवत नाही.

मग माझी बदली झाली, उत्रोलीजवळच्या शाळेत. म्हणजे आमच्या घरापाशीच. मी सामान आवरून एस.टी.ची वाट बघत उभी होते, तेव्हा सगुणाची आई ठकूबाई तिला घेऊन डोंगर उतरून आली. मुलीच्या हातात कपड्यांचं गाठोडं, आईच्या हातात तुपाची बरणी. आधी काहीच बोलणं झालेलं नव्हतं. ठकूबाई म्हणाली, "बाई, हिला न्या. फुडं शाळा न्हाई हितं."

मी घरी विचारून कळवते असं म्हणायला हवं होतं. गाडी आली तेव्हा मुलगी माझ्या शेजारी बसली होती आणि बरणी माझ्या मांडीवर होती.

आम्हाला मूल नव्हतं. त्यावर रडून झालं होतं, औषधं झाली होती, लोकांचे सल्ले ऐकून झाले होते. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, भोरला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. मुळातच कमी बोलणारे. संध्याकाळी घरी आले की चहा, रेडिओ, जेवण. त्या दिवशी दारात गाठोडं घेतलेली मुलगी बघून त्यांनी चप्पल काढली, हातपाय धुतले आणि तिला विचारलं, "भाकरी खाणार का भात?" ती म्हणाली, "दोन्ही." एवढ्यावर ती आमच्या घरची झाली.

पहिले दिवस ती फार रडली नाही, पण तिला झोप लागेना. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत नाहीत, म्हणून. ह्यांनी बाजारातून एक पितळी घंटी आणली आणि खिडकीच्या गजाला बांधली. वारा असला की ती किणकिणायची. पिशवीतलं दूध ती तोंडाला लावायची नाही. "ह्याला म्हशीचा वास न्हाई" म्हणायची. मग आम्ही गवळ्याचा रतीब लावला. मीही अजून तेच दूध घेते, पिशवीतलं आता मलाही जात नाही. दिवाळीला आणि मे महिन्यात ती वर घरी जायची. परत आली की काही दिवस तिच्या तोंडात "न्हाई" आणि "व्हय" असायचं, मग हळूहळू "नाही" आणि "हो" यायचं. मला ते ऐकायला बरं वाटायचं. शिक्षिका म्हणून बरं वाटायचं, असं मी तेव्हा समजत होते.

मला ती शेवटपर्यंत "बाई"च म्हणाली. ह्यांना "काका". पण एकदा तिच्या हायस्कुलाच्या फाटकाशी मी छत्री घेऊन उभी होते. ती मैत्रिणींच्या घोळक्यात होती आणि तिला मी दिसले होते, पण मला ऐकू येतंय हे तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मी चालले गं, माझी आई आलीय." घरी येताना वाटेत ती शाळेतलं काहीबाही सांगत होती. मी छत्री सगळी तिच्याकडं कलती धरली होती. माझा एक खांदा पार भिजला आणि मला ते घरी पोचल्यावर कळलं.

घरात संगणक आला तो ह्यांच्या हौशीनं. कचेरीत नुकतेच आले होते आणि ह्यांनी ते शिकून घेतलं होतं. पाठोपाठ एक छोटा डिजिटल कॅमेरा आला. फोटो धुवायला टाकायला नकोत, लगेच दिसतात, याचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक होतं. सगुणा सायकल शिकताना. सगुणा स्नेहसंमेलनात, डोक्यावर कागदी मुकुट. भाताच्या बांधावर पाय सोडून पेरू खाताना. आंबवड्याच्या देवळापुढं, ऊन डोळ्यांवर आल्यामुळं एक डोळा बारीक केलेली. माझे आणि तिचे दोघींचे फार नव्हते, कारण मला फोटो काढून घेण्याची लाज वाटायची. त्यातल्या एकात ती माझी वेणी घालते आहे. तो ह्यांनी गुपचूप काढला होता. हे सगळं संगणकात होतं. रविवारी दुपारी आम्ही तिघं पडद्यापुढं बसायचो आणि तेच फोटो परत परत बघायचो.

ती अकरावीत गेली त्या पावसाळ्यात तिचे वडील गेले. म्हशींसाठी झाडावर चढून पाला तोडत होते, फांदी ओली होती. आम्ही दोघं सगुणाला घेऊन वर गेलो. ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती. सगुणाचे धाकटे दोन भाऊ आईच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले. गोठ्यात म्हशी ओरडत होत्या, कारण धार काढायला त्या दिवशी कुणी उठलं नव्हतं. सगुणानं ओढणी कंबरेला खोचली आणि ती गोठ्यात गेली. मी तिच्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत आमच्या घरी तिनं धार काढली नव्हती, पण तिचे हात काहीच विसरले नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर ती आमच्याबरोबर परत आली. मला वाटलं, झालं ते झालं, आता बारावी होईल, मग डी.एड., मग ती माझ्यासारखी शिक्षिका होईल. गौरी विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी ठकूबाई दारात आली. पायांवर चिखल वाळलेला होता. पाणी दिलं, चहा दिला. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, म्या न्यायला आले. माज्यानं एकटीनं निभत न्हाई."

मी पुष्कळ बोलले. एवढी दोन वर्षं थांबा म्हटलं. मुलांना घेऊन तुम्हीच इकडं या म्हटलं, खोली बघू, काम बघू. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती भांडायला आलेली नव्हती. शेवटी एवढंच म्हणाली, "आन म्हसरं कुठं बांदू? तुमच्या गच्चीवर?" त्यात राग नव्हता. तिनं खरोखर विचार करून बघितला होता आणि तिला जागा सापडली नव्हती.

मग मी म्हटलं, सगुणालाच विचारू. मला खात्री होती. माणसाला काय हवंय हे त्याला विचारावं, असं मी वर्गात शिकवत आले होते. सगुणा आतल्या खोलीच्या दारात उभी होती, सगळं ऐकत होती. मी विचारलं, "तुला काय वाटतं? इथं राहून शिकायचंय ना?"

ती माझ्याकडं बघत होती, पण बोलली ते जमिनीकडं बघून. "आईला पानी कोन आणंल?"

मला आधी कळला तो अर्थ नव्हे. कळलं ते "पानी" आणि "कोन". इतकी वर्षं जे तिच्या तोंडून हळूहळू गेलं होतं, ते एका वाक्यात परत आलं होतं. आणि "आई" म्हणताना तिनं कुणाकडंही बघितलं नव्हतं, कारण बघायची गरज नव्हती.

ठकूबाई म्हणाली, येत्या सोमवारच्या गाडीला न्यायला येते, तवर तिची आवराआवर होऊ द्या. तेवढे दिवस तिनं आम्हाला दिले. तिला ते द्यायची काही गरज नव्हती.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. संगणकापुढं जाऊन बसले आणि म्हणाले, "हिचे सगळे फोटो सीडीवर घालून देऊ." मी म्हटलं, वर वीज धड नाही, संगणक कुठला आणणार ती? कागदावर काढून द्या थोडे. ते म्हणाले, "धुरानं काळे पडतील. ओल लागेल. सीडीला काही होत नाही. कधीतरी कुठंतरी बघायला मिळेल तिला." प्रत्येकाला काहीतरी करायला लागतं.

सीडी तयार करणं म्हणजे खरं तर थोडक्या वेळाचं काम, असं ह्यांनीच मला सांगितलं होतं. तबकडी आत सरकवायची, बटण दाबायचं, चहा होईपर्यंत बाहेर. पण त्या दिवशी पडद्यावरची हिरवी पट्टी हलेचना. गोगलगायीसारखी जरा सरकायची, थांबायची. माउस हलवला तर बाण अडखळत, धक्के खात चालायचा, जणू सगळ्या यंत्राला धाप लागली होती. बऱ्याच वेळानं पट्टी निम्म्यावर आली आणि तबकडी आपोआप बाहेर आली. लिहिताना चूक झाली, असं पडद्यावर आलं. ती सीडी वाया गेली. दुसरी घातली, ती कशीबशी पूर्ण झाली, पण उघडून बघितली तर निम्मे फोटो उघडेनात.

आधी ह्यांना वाटलं, तबकड्याच हलक्या आहेत, बाजारातून सुट्या घेतलेल्या. पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून चांगल्या मागवल्या. त्याही तशाच. मग पुण्यात ह्यांचे एक मित्र होते, संगणक दुरुस्तीचं काम करणारे, त्यांना फोन केला. ते एकेक सांगत गेले आणि हे एकेक करत गेले. मागं चालू असलेलं सगळं बंद करा. व्हायरस शोधणारं ते तेवढ्यापुरतं थांबवा, नाहीतर ते प्रत्येक फोटो उघडून तपासत बसतं. लिहायचा वेग स्वतःहून कमी ठेवा, म्हणजे मधे खंड पडणार नाही. एवढे सुटे सुटे फोटो असतील तर ते एकत्र बांधून घ्या. यातल्या कशानं थोडा फरक पडायचा, कशानं काहीच नाही. मधेच वीज जायची. त्या वर्षी भारनियमन होतं. वीज गेली की आतली तबकडी तिथंच मेली म्हणायची.

सगुणा ह्यांच्या शेजारी स्टुलावर बसून असायची. तिनं पुस्तकं बांधली होती, कपडे बांधले होते, तिला दुसरं काम उरलं नव्हतं. वाया गेलेली प्रत्येक सीडी ती उचलायची, उजेडात धरून रंग बघायची आणि बाजूला रचून ठेवायची. मित्रांनी सांगितलं, हार्ड डिस्क गच्च भरली असेल, आत सगळं विस्कटून पडलं असेल, ते सारखं करून घ्या. ते काम दुपारभर चाललं. पडद्यावर रंगीत चौकटी एकामागून एक आपल्या जागी जात होत्या. लाल, निळ्या, पांढऱ्या. सगुणा म्हणाली, रांगोळी काढतंय. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्या दोघांच्या पाठी बघत होते. ह्यांचा शर्ट पाठीवर घामानं चिकटला होता. त्यांनी आयुष्यात कुठल्या कामाला इतका जीव लावलेला मी पाहिला नव्हता.

मला मनातून वाटत होतं, हे नाही जमलं तर बरं. सोमवार येईल, सीडी झालेली नसेल, आणि मग थांबावं लागेल. असा विचार करणारी मी पुढं एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होणार होते. पण तेव्हा तो विचार मला वेडगळ वाटत नव्हता. ती दोघं शेजारी बसली आहेत, पट्टी हलत नाहीये, बाहेर भातावर ऊन पडलंय, तोवर काहीच झालेलं नाही, असं वाटत होतं.

सोमवारी सकाळी मित्रांचा फोन आला. त्यांना रात्री सुचलं होतं. ह्यांनी फोन कानाला खांद्यानं दाबून धरला आणि पडद्यावर ते सांगतील तिथं तिथं जात गेले. फोन ठेवल्यावर ह्यांनी सगुणाला समजावून सांगितलं, मला तिच्यामुळंच ते कळलं. संगणकाच्या आत माल न्यायचे दोन मार्ग असतात. एक थेट. दुसरा, प्रत्येक घास मुख्य मेंदूला विचारून, त्याच्या हातून. पहिला झपाट्याचा, दुसरा फार संथ. वाचताना-लिहिताना वारंवार चुका झाल्या की संगणक घाबरतो आणि आपणहून संथ मार्ग धरतो. पुढं चुका थांबल्या तरी तो संथच चालत राहतो.

"मग त्याला कोण सांगतं, आता ठीक झालंय म्हणून?" सगुणानं विचारलं.

"आपण सांगायचं," हे म्हणाले. "त्याला स्वतःला नाही कळत."

ह्यांनी संगणकातली त्या चुकांची जुनी नोंद काढून टाकली, संगणक बंद करून परत चालू केला आणि नवी सीडी आत सरकवली. तेवढ्यात ठकूबाई आली. मी तिला आत बोलावलं, चहाचं आधण ठेवलं. एक सीडी होईपर्यंत नेहमीसारखा वेळ जाईल, तेवढ्यात तिला बसवून घेऊ, जेवायला घालू, दुपारची गाडी धरा म्हणू, असं मी मनाशी ठरवलं होतं. डाळ भिजत घातलेली होती. चहात साखर घातली आणि बाहेरच्या खोलीतून तबकडी बाहेर आल्याचा कटकन आवाज आला. मी हातातला चमचा घेऊनच बाहेर आले. झाली होती. सगळे फोटो उघडत होते. हे तिच्यावर काळ्या पेननं, कचेरीतल्या त्या वळणदार अक्षरांत, "सगुणा" असं लिहीत होते.

चहा झाला. जेवायला कुणी थांबलं नाही. वर म्हशी होत्या, पोरं एकटी होती. सगुणानं वाया गेलेल्या सीड्याही मागून घेतल्या, भावांना खेळायला. ती ह्यांच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. ठकूबाई माझा हात धरून म्हणाली, "तुमी लई केलं बाई." आम्ही नाक्यापर्यंत गेलो. नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरायची, हे सगुणाला तोंडपाठ होतं, तरी हे ते तिला परत परत सांगत होते. गाडी आली. भरलेली होती. त्या दोघी मागच्या बाजूला कुठंतरी उभ्या राहिल्या असाव्यात. मला काही दिसलं नाही.

घरी आल्यावर गॅसवरच्या भांड्यात चहा तसाच होता, वर साय धरलेली. आपल्यासाठीही एक सीडी करून ठेवा, असं मी नंतर कधीतरी ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, "संगणकात आहेच की सगळं." खरं म्हणजे त्यांना ते उघडायचं नव्हतं. मलाही नव्हतं. रविवारी दुपारी आम्ही झोपायला लागलो.

पुढच्या वर्षी, पाऊस सरता सरता, संगणक एकाएकी बंद पडला. आतून खट्‌खट्‌ आवाज यायचा आणि पुढं काही नाही. ह्यांनी तो पुण्याला मित्रांकडं नेला. त्यांनी सांगितलं, हार्ड डिस्क गेली. त्यातलं काही परत मिळण्यासारखं नाही. तेव्हा एवढ्या चुका होत होत्या, तेव्हाच ती जायला लागली असणार, आपण फक्त वेगाचं बघितलं. हे रिकामे परत आले. पायरीवर बसले आणि म्हणाले, "तिच्याकडं सीडी आहे ना. तू जा. घेऊन ये, उतरवून घेऊ आणि परत देऊ."

मी गेले. वर्षभरात मी गेलेच नव्हते. वह्या घेतल्या, मुलांना खाऊ घेतला. खालच्या गावापासून चढण सुरू झाली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. वाड्याच्या अलीकडं नाचणीची वावरं होती, आणि दुरून मला वाटलं, कुठंतरी पाणी चमकतंय. जवळ गेले तेव्हा दिसलं. काठ्या रोवून दोरी ताणली होती आणि तिच्यावर सीड्या टांगल्या होत्या, वाया गेलेल्या. वारा होता. त्या फिरत होत्या. आणि मधल्या एकीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ती फिरत असल्यामुळं एकदम वाचता येत नव्हतं. "स" दिसायचा आणि जायचा. मी थांबले. वारा पडला, तेव्हा पूर्ण नाव दिसलं.

ठकूबाई घरासमोर होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिला काय करू नि काय नको झालं. पाट टाकला, दूध गरम केलं. पाखरांचं विचारलं, तर कौतुकानं म्हणाली, पोरीनंच केलंय ते, औंदा दाणा वाचला. मग सगुणा आली, डोक्यावर गवताचा भारा. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. ती उंच झाली होती. भारा टाकून ती माझ्याजवळ आली, आणि माझी नजर अजून तिकडं वावराकडंच आहे हे तिच्या लक्षात आलं.

"पेटीत ठिवली हुती," ती म्हणाली. "पन पेटी कोन उघडतंय, बाई? हितं येता-जाता दिसती."

मला विचारायचं होतं ते तोंडाशी आलं होतं. मागितली असती तर तिनं एका उडीत जाऊन ती सोडवून आणली असती. पण सीडीवर उजेडानंच लिहितात आणि उन्हानं ते पुसतंही, हे मी ह्यांच्याकडून ऐकलेलं होतं. कणसं भरायला लागल्यापासून ती तिथं उन्हात असली तर आत किती उरलं असेल, कुणास ठाऊक. आणि काही उरलं असेल, तर ते तिचं होतं. मी दूध प्यायले. म्हशीचा वास होता त्याला. ती मला खालच्या गावापर्यंत सोडायला आली. वाटभर म्हशींची नावं आणि त्यांच्या खोड्या सांगत होती. अभ्यासाचं दोघींनीही काढलं नाही.

घरी ह्यांनी विचारलं. मी सांगितलं, "आहे तिच्याकडं. नीट ठेवलीय. रोज बघते म्हणाली." ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उतरवून घ्यायचं परत काढलं नाही.

आता आमच्याकडं तिचा एकही फोटो नाही. सुरुवातीला मला वाटायचं, मी विसरेन. तसं झालं नाही. उलट, पडद्यावर बघून बघून जे ठरून गेलं होतं ते पुसलं गेलं आणि न काढलेलेच फोटो जास्त आठवायला लागले. परीक्षेच्या दिवशी दही खाताना ती तोंड वाकडं करायची. ताप आला की माझा पदर मुठीत धरून झोपायची. हे कुणी काढलेलं नव्हतं, म्हणून ते गेलंही नाही.

सगुणाचं लग्न झालं, तिच्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. आम्ही गेलो होतो. तिथले आहेराचे मानपान झाले तेव्हा आम्हाला कुठं बसवावं हे कुणाला कळेना, आणि आम्हालाही. आता ठकूबाई नाही. सगुणाकडं मोबाईल आहे, तिचा फोन येतो. सणाला येतो, एखाद्या म्हशीला रेडकू झालं की येतो. बोलते थोडं, ऐकते जास्त. तिला एक मुलगी आहे. तिचा आवाज मी फोनवर लहानाचा मोठा होताना ऐकला.

परवा तिचा फोन आला. इकडं-तिकडचं झालं. मग म्हणाली, पोरगी यंदा चौथीत आहे, पुढं शाळा लांब आहे, रोजची चाल पडणार. मी तोपर्यंत काही ठरवलेलं नव्हतं. आमचं वय झालंय, ह्यांचे गुडघे दुखतात, मला दिसायला कमी आलंय. तरी मी म्हणाले, "माझ्याकडं पाठव तिला. शिकेल."

"न्हाई बाई," ती म्हणाली. "मला न्हाई जमायचं. आईला कसं जमलं, तिचं तिला ठाव."

मग ती म्हणाली, चालंल ती रोज. अर्ध्या वाटेपर्यंत मी जाईन सोडायला. मी म्हटलं, हो, तेच बरं. फोन ठेवल्यावर ह्यांनी आतून विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं.

"चांगलं आहे," हे म्हणाले.

चांगलंच आहे. मला ते कळतं. तिनं मुलीला जवळ ठेवावं, यापेक्षा मला दुसरं काय हवं असणार. फक्त मी विचारल्यावर उत्तर द्यायला तिनं थोडा वेळ घ्यायला हवा होता.